घरच्या घरी बबल टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तैवानमध्ये तैचुंगला शिकायला होते तेव्हा हॉस्टेलच्या खालीच चहाचं एक छोटं दुकान होतं, दोन वर्षं रोज संध्याकाळी तिथे उभी राहून बघत बघत मी बबल टी, म्हणजे चिवट गोड गोळे घातलेला गार दुधाचा चहा, शिकले आणि आता ठाण्यात घरी करते. नात्यातले, बिल्डिंगमधले, त्यांच्या ओळखीतले सगळे मला फिरून फिरून तेच प्रश्न मेसेज करतात म्हणून एकदाची सगळी उत्तरं लिहून काढली. आधी सोपे प्रश्न आहेत, मग अडचणीचे. जिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय तिथे तो पण वाचा, परत परत तेच लिहिलेलं नाही.

१. बबल टी, बोबा, पर्ल टी हे सगळं एकच का?

हो, एकच. तैवानमध्ये झेनझू नायचा म्हणतात, झेनझू म्हणजे मोती, नायचा म्हणजे दुधाचा चहा, आणि त्यातला 'चा' आणि आपला चहा एकाच मुळातून आलेत. बोबा हा तिकडचा बोलीतला शब्द, तो आधी मोठ्या गोळ्यांसाठी होता मग अमेरिकेत अख्ख्या ड्रिंकलाच चिकटला. आणि 'बबल' म्हणजे ते काळे गोळे असं बहुतेकांना वाटतं पण तसं नाहीये, चहा बर्फासोबत जोरात हलवला की वर जो फेस येतो त्यावरून ते नाव पडलं. गोळे नव्हते तेव्हापासून तिकडे फेसाळ काळा चहा विकला जायचा. म्हणून घरी करताना हलवणं टाळू नका, त्याबद्दल प्रश्न १२ बघा.

२. हा चायनीज आहे की कोरियन? नक्की शोधला कोणी?

तैवानी. १९८०च्या दशकातला. शोधला कोणी यावर तिथल्या दोन चहावाल्यांचा दावा आहे, तैनानचं हानलिन आणि तैचुंगचं चुन शुइ तांग. हानलिनचे तू त्सुंग-ह म्हणतात की १९८६मध्ये बाजारात पांढरे गोळे विकायला दिसले आणि ते चहात टाकून बघितले. चुन शुइ तांगचं म्हणणं की त्यांच्याकडच्या लिन श्यू-हुइ बाईंनी गोड गोळ्यांचा डेझर्ट आपल्या गार चहात ओतला तिथून सुरुवात झाली. दोघं कोर्टात गेले, दहा वर्षं केस चालली, आणि २०१९मध्ये कोर्टाने सांगितलं की हे पेय कोणीही बनवू शकतं, पहिला कोण हे ठरवायची गरजच नाही. मला तो निकाल फार आवडतो. फोडणीचा भात पहिल्यांदा कोणी केला असं कोण विचारतं!

३. हे गोळे म्हणजे आपला साबुदाणाच ना? मग सरळ साबुदाणाच टाकला तर?

कच्चा माल एकच आहे, टॅपिओका म्हणजे कसावा नावाच्या कंदाचा स्टार्च. मूळचा दक्षिण अमेरिकेतला कंद, आपल्याकडे केरळ-तामिळनाडूत पिकतो आणि आपला साबुदाणा बराचसा तामिळनाडूतल्या सेलमकडून येतो. पण करायची रीत वेगळी. साबुदाण्यात ओल्या स्टार्चचे दाणे पाडून भाजून किंवा वाफवून वाळवतात, तो आतून भुसभुशीत असतो म्हणून पाणी पटकन पितो. बोबाचं पीठ गरम पाण्यात मळलेलं असतं, त्यामुळे दाताखाली रबरासारखा ताण येतो. तैवानमध्ये त्या चावण्याला 'क्यूक्यू' म्हणतात, फिश बॉलला पण क्यूक्यू, नूडल्सला पण क्यूक्यू, आणि बबल टी चांगला की वाईट हे तिथे अर्धंअधिक त्यावरच ठरतं.

तर साबुदाणा टाकू शकता का, हो. मोठा साबुदाणा घ्या, न भिजवता भरपूर उकळत्या पाण्यात टाका, मधला पांढरा ठिपका जेमतेम दिसेनासा झाला की गाळून गार पाण्याखाली धुवा आणि गुळाच्या पाकात टाका. खिरीतल्या साबुदाण्यासारखा मऊ लागेल, चव छान येते, पण क्यूक्यू येणार नाही. घरात असलेल्या गोष्टीत भागवायचं असेल तर बेस्ट, खरा अनुभव हवा असेल तर प्रश्न ५ किंवा ६.

४. पर्ल्स रात्री भिजत घातले आणि सकाळी बघते तर नुसता लगदा. माल खराब होता का?

माल चांगलाच होता, भिजवायला नको होते. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि का येतो ते पण कळतं, आपला हात साबुदाण्याच्या खिचडीवर तयार झालाय, टपोरे दाणे दिसले की हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो. बोबाचे सुके किंवा कच्चे गोळे गार पाण्यात टाकले की बाहेरचा थर सुटत जातो आणि थोड्या वेळात सगळं विरघळून खाली पिठाचा गाळ बसतो. कोमट पाणी पण नको. पाणी खळखळून उकळत असलं पाहिजे, म्हणजे गोळा आत पडल्या पडल्या बाहेरचा थर शिजून त्याची साल धरते आणि आतलं आत राहतं. धुवायचे पण नाहीत. शिजवण्याआधी गार पाण्याचा थेंबही लागता कामा नये. (झालेला लगदा टाकून देऊ नका, मीठ, जिरं, मिरची घालून कढईत शिजवा आणि पापड्या घाला, वाया जात नाही.)

५. पाकिटातले पर्ल्स किती वेळ शिजवायचे? पाकिटावर पाच मिनिटं लिहिलंय, दुसरीकडे एक तास सांगतात.

दोन्ही बरोबर आहे कारण पाकिटं दोन प्रकारची येतात. 'क्विक कुक' वाले आधीच थोडे शिजवलेले असतात, ते पाच-सात मिनिटांत होतात, पाकिटावरचं ऐका. दुसरे पूर्ण कच्चे सुकवलेले, त्यांना वेळ द्यावाच लागतो.

कच्च्यांसाठी पाणी गोळ्यांच्या आठ ते दहा पट, म्हणजे १०० ग्रॅमला एक लिटर. कमी पाण्यात स्टार्च दाट होतो आणि सगळे एकमेकांना चिकटतात. खळखळ उकळी आली की गोळे टाका, पहिला मिनिटभर तळापासून अलगद हलवत राहा, वर तरंगले की आच मध्यम करून २५-३० मिनिटं. मग गॅस बंद, झाकण घट्ट, आणि तेवढाच वेळ तसंच मुरू द्या. हा दुसरा भाग लोक गाळतात आणि मग म्हणतात आत पांढरं राहिलं. एक गोळा सुरीने मधोमध कापून बघा, टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका चालेल, त्याहून मोठा असेल तर अजून ठेवा.

गाळा, गार पाण्याखाली धुवा म्हणजे वरचा चिकटा जाईल, आणि लगेच पाकात टाका. कोरडे ठेवलेत तर पाच मिनिटांत एक लाडू होतो.

आमच्या दुकानातल्या काकूंच्या गळ्यात दोरीला बांधलेला टायमर असायचा. पातेलं चढवलं की टिक, झाकण ठेवलं की परत टिक, आणि शिजलेल्या गोळ्यांना चार तास झाले की उरलेले सरळ फेकून नवीन चढवायच्या, गर्दी असो नसो. डोळ्यांनी ते चांगलेच दिसायचे. मी एकदा विचारलं तर त्यांनी एक गोळा जुन्यातला आणि एक नव्यातला माझ्या हातावर ठेवला. चावल्यावर मग काही विचारायचं राहिलं नाही.

६. गोळे घरी सुरुवातीपासून करायचेत. नीट प्रमाण सांगा ना.

चार ग्लासांसाठी १०० ग्रॅम टॅपिओका स्टार्च, ४० ग्रॅम काळसर गूळ, ६० मिली पाणी. वजनकाटा असेल तर वापराच, वाटीच्या मापाने इथे गडबड होते.

गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, गुळात कचरा असतोच. परत गॅसवर ठेवा आणि चांगली उकळी येऊ द्या. आच एकदम बारीक करा, स्टार्चचा साधारण तिसरा हिस्सा त्यात टाका आणि भराभर हलवा. अर्ध्या मिनिटात ते कुरडईच्या चिकासारखं होतं, पारदर्शक, चकचकीत, चमचा उचलला की तार धरतं. सगळा खेळ इथे आहे. टॅपिओकाचा स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांना पाणी पिऊन फुगतो, तेवढी उष्णता मिळाली नाही तर तो पाण्यात बसलेली पांढरी भुकटीच राहतो आणि तिला बांधून ठेवणारं काही उरत नाही. म्हणून एक हिस्सा शिजवून त्याची खळ करायची आणि ती खळ बाकीच्याला धरून ठेवते.

गॅस बंद करून उरलेला स्टार्च घाला, उलथन्याने एकत्र करा आणि परातीत काढून हाताला सोसेल एवढं गरम असतानाच मळायला घ्या. पहिली दोन मिनिटं वाटेल की हे काही जमून येत नाही, कोरडं कोरडं तुटतंय, पण मळत राहा, पाच-सहा मिनिटांत मऊ लुसलुशीत गोळा होतो. ज्यांना मोदकाची उकड काढता येते त्यांचा हात इथे आधीच तयार आहे, गरम असतानाच मळायचं, गार झालं की संपलं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

आता ओल्या फडक्याखाली झाकून थोडं थोडं काढा, पेन्सिलएवढ्या जाडीच्या वळ्या करा, सुरीने तुकडे करा आणि तळहातावर गोल फिरवा. आकार साधारण ७ ते ८ मिलीमीटर, म्हणजे कच्च्या काबुली चण्यापेक्षा थोडे लहान. शिजल्यावर फुगतात आणि मग स्ट्रॉमध्ये अडकतात म्हणून मोठे करायचा मोह टाळा. झालेले गोळे सुक्या स्टार्चमध्ये घोळवत राहा, आणि शिजवायच्या आधी जास्तीचा स्टार्च चाळणीत झाडून टाका.

शिजवायची रीत प्रश्न ५ सारखीच, फक्त ताजे असल्याने १५-२० मिनिटं उकळी आणि १५-२० मिनिटं झाकण पुरे. दुकानातल्यासारखे कुळकुळीत काळे होणार नाहीत. तो रंग बहुतेक कॅरमेल कलरचा असतो, गुळाचे तपकिरी होतात आणि तेच छान दिसतात.

७. माझं पीठ मळताना घट्ट लागतं पण हात सोडला की ओट्यावर पसरतं. असं कसं?

खळ झालीच नाही. पाणी उकळत नव्हतं किंवा स्टार्च टाकून तुम्ही आधीच गॅस बंद केला. कच्चा स्टार्च आणि पाणी यांचं वागणंच असं असतं, दाबलं की दगड, सोडलं की पाणी. टाकू नका, त्यातला पाव हिस्सा परत पॅनमध्ये घ्या, बारीक आचेवर पारदर्शक होईपर्यंत हलवा आणि गरम गरमच उरलेल्यात मळा. जमून येतं.

उलट तडे जात असतील, वळी वळताना तुटत असेल तर ते कोरडं पडलंय. ओल्या हाताने, तेही गरम पाण्यात बुडवलेल्या, मळा. थेट पाणी ओतू नका, एका चमच्याने चिखल होतो.

८. टॅपिओका स्टार्च मिळाला नाही. कॉर्नफ्लोअर? आरारूट? साबुदाणा मिक्सरला लावून?

कॉर्नफ्लोअरचे गोळे होतात पण दाताखाली बर्फीसारखे तुटतात, ताण येत नाही, मी तरी करणार नाही. आरारूट म्हणून वाण्याकडे जे मिळतं त्यात नेमका कुठला स्टार्च आहे ते पाकिटावर वाचून घ्या, टॅपिओका असेल तर आपलं काम झालं. रताळ्याचा स्टार्च मिळाला तर जरूर वापरा, तैवानमध्ये गोळे पूर्वीपासून रताळ्याच्या स्टार्चचेही होत आलेत आणि ते अजून चिवट होतात.

साबुदाण्याचं पीठ चालतं. मंद आचेवर साबुदाणा गरम करून, रंग न बदलता, गार करून मिक्सरला अगदी बारीक करा आणि मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा, कणी राहिली की गोळा तिथेच फुटतो. हा स्टार्च आधीच अर्धवट शिजलेला असतो त्यामुळे पाणी थोडं जास्त पितो, पाच-पाच मिली वाढवत जा. टॅपिओका स्टार्चइतका ताण येत नाही, पण अख्ख्या साबुदाण्यापेक्षा खूप पुढे.

९. चहा कुठला वापरू? नेहमीचा चहा करून गार केला तर नाही का चालणार?

दूध-साखर-आलं घालून उकळलेला नको. तो चहा गार झाल्यावर वर साय धरतो, बर्फात पातळ होतो आणि शिळ्या चहासारखा लागतो. इथे चहा कोरा करायचा, कडक करायचा, आणि दूध नंतर.

पावडर मात्र आपली नेहमीची आसामची चालते, आणि ही काही तडजोड नाहीये हो. तैवानच्या सन मून लेकच्या आसपास जो प्रसिद्ध काळा चहा होतो ना, तिथे जपानी राजवटीत १९२५च्या सुमारास आसाममधून बी नेऊन लावलं होतं. त्याच भागातल्या संशोधन केंद्राने १९९९मध्ये काढलेला तैवान चहा क्रमांक १८ आज तिथला सगळ्यात नावाजलेला काळा चहा आहे, नुसता पिऊन बघा कधी मिळाला तर, दालचिनी आणि पुदिन्याचा वास येतो.

एका ग्लासला १५० मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन छोटे चमचे म्हणजे ५ ग्रॅम पावडर टाका, झाकून चार मिनिटं, गाळा. पानांचा चहा असेल तर ६-७ ग्रॅम आणि पाच-सहा मिनिटं. कडक हवा म्हणून जास्त वेळ ठेवू नका, तुरट होतो. पावडर वाढवा, वेळ नको. वेलची आवडत असेल तर एक ठेचून पाण्यात टाका, छान लागते, पण पहिल्यांदा साधा करून बघा म्हणजे गुळाचा वास कळेल.

१०. सगळं बरोबर केलं तरी दुकानासारखा दाट नाही लागत.

कारण खूप दुकानांत दूध नसतंच, नॉन डेअरी क्रीमरची पावडर असते. तैवानमध्ये पण साधा नायचा मागितला की बऱ्याच ठिकाणी क्रीमरचा येतो, ताज्या दुधाचा हवा असेल तर तो मेन्यूवर वेगळा लिहिलेला असतो आणि थोडा महाग असतो. घरी तो दाटपणा हवा असेल तर दोन मोठे चमचे दूध पावडर गरम कोऱ्या चहात घोटा आणि वर ५० मिली फुल क्रीम दूध. म्हशीचं दूध असेल तर पावडर लागतही नाही, नुसतं ८० ते १०० मिली, साय काढून, फ्रिजमधलं गार. कंडेन्स्ड मिल्क पण चालतं, मग बाकी गोड अजिबात नको. पातळ टेट्रापॅक दुधाचा मात्र पांचट होतो.

११. गुळामुळे दूध फाटलं. साखरच वापरायची का?

गुळाच्या चहाची जी गोष्ट तीच ही. गुळात थोडा आंबटपणा आणि क्षार असतात, गरम दुधात गेले की दूध फाटतं. बबल टीत ही भीती कमी कारण दूध गार आहे. क्रम पाळा: गुळाचा पाक गार, चहा गार, दूध फ्रिजमधलं, मग एकत्र. मी असा शेकडो वेळा केलाय आणि फाटलेला नाही. गरम प्यायचा असेल, म्हणजे पावसाळ्यात गरमच बरा वाटतो आणि तैवानमध्येही थंडीत गरम पितात, तर पाक आणि गोळे ग्लासच्या तळाशी, चहा-दूध वेगळं करून उकळी बसल्यावर वरून ओता आणि लगेच प्या.

पाकासाठी १०० ग्रॅम गूळ, ५० मिली पाणी, गाळून, पाच-सात मिनिटं मधापेक्षा जरा पातळ होईपर्यंत. काकवी मिळाली तर पाक करायचंच काम नाही, कोल्हापूरकडच्या लोकांनी तर काकवीच वापरावी. तैवानचा काळ्या साखरेचा पाक आणि आपली काकवी वासाला इतकी जवळ आहे की तिथे पहिल्यांदा प्यायले तेव्हा मला गुऱ्हाळच आठवलं. काकवी गार ग्लासच्या आतून चमच्याने ओघळू द्या, वरून गार दूध ओता, चहा घालूच नका, ते वाघाच्या पट्ट्यांचं दूध म्हणून विकतात ते हेच.

१२. शेकर नाहीये. मिक्सरला फिरवू का?

मिक्सर नको, बर्फाचा चुरा होऊन पाणी होतं. घट्ट झाकणाची स्टीलची बाटली किंवा जॅमची मोठी बरणी घ्या, गार केलेला चहा, दूध, २० मिली पाक, मूठभर बर्फ, आणि १५-२० सेकंद जोरात हलवा. गोळे आत टाकायचे नाहीत, ते ग्लासात. ओतल्यावर वर बोटभर फेस आला पाहिजे.

चहा गरम असताना बाटली बंद करून हलवू नका. आतली वाफ झाकण उडवते, माझ्या भावाच्या मनगटावर फोड आला होता. आधी बर्फावर ओतून निववा.

१३. उरलेले गोळे फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्या दिवशी खडे झाले.

होणारच. शिजलेला स्टार्च गार झाला की परत घट्ट बसतो, फ्रिजमधला भात कडक होतो तसंच. पाकात बुडवून बाहेर ठेवले तर चार तास छान राहतात, मे महिन्यात तीनच धरा. फ्रिजमधले झालेच कडक तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, बरेचसे परत येतात पण पहिल्यासारखे नाही.

साठवायचेच असतील तर कच्चे साठवा. प्रश्न ६ चे गोळे स्टार्चमध्ये घोळवून ताटात सुटे सुटे फ्रीझरमध्ये कडक करा, मग डब्यात भरा, महिना-दीड महिना राहतात. बाहेर काढून मऊ होऊ देऊ नका, फ्रीझरमधून थेट उकळत्या पाण्यात. आणि आत्ता चार जण पिणार आहेत तर चौघांपुरतेच शिजवा, एवढं केलं तरी बबल टी निम्मा सुधारतो.

१४. जाड स्ट्रॉ कुठून आणायचा?

साध्या स्ट्रॉमधून गोळा जात नाही, १० ते १२ मिलीमीटर रुंद लागतो. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या स्ट्रॉवर आपल्याकडे बंदी आहे, कागदाचे मऊ पडतात, त्यामुळे स्टीलचे जाड स्ट्रॉ ब्रशसकट ऑनलाइन घ्या, घरी कायमचे होतात. प्यायल्याबरोबर धुवा, आत दूध वाळलं की वास जात नाही. आणि स्ट्रॉ नसेल तर फालुद्याचा उंच ग्लास आणि लांब चमचा, मस्त जमतं.

१५. मुलं हट्ट करतात. कितव्या वर्षापासून द्यावा?

चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना गोळे अजिबात देऊ नका. गोल, गुळगुळीत आणि चिवट, घशात अडकायला हे तीनही गुण वाईट. स्ट्रॉने जोरात ओढलं की गोळा थेट मागे जातो, म्हणून मोठ्या मुलांना पण चमच्यानेच, बसून, चावून, आणि खेळताना-हसताना नाही. आजी-आजोबांना कवळी असेल किंवा गिळायला त्रास असेल तर त्यांनाही गोळ्यांशिवाय. चहात कॅफिन असतंच, लहानांसाठी चहाऐवजी नुसतं दूध-काकवी करा आणि त्यात प्रश्न १८ मधले चायना ग्रासचे तुकडे बारीक चिरून.

१६. उपवासाला चालेल का?

दरवर्षी श्रावण आणि नवरात्रात हा प्रश्न ठरलेला. तुमच्याकडे साबुदाणा, गूळ, दूध आणि चहा उपवासाला चालत असेल तर साबुदाण्याच्या पिठाचे घरी केलेले गोळे (प्रश्न ८) चालायला हरकत दिसत नाही, सगळे घटक तेच आहेत. पाकिटातल्यांचं तसं नाही, त्यात रंग, ग्वार गम, बदललेला स्टार्च, प्रिझर्व्हेटिव्ह असं काहीबाही असू शकतं, साहित्य वाचल्याशिवाय नको. कॉर्नफ्लोअर तर नाहीच. आणि ज्यांच्याकडे उपवासाला चहा चालत नाही त्यांनी दूध-काकवीचा करावा. शेवटी घरातल्या मोठ्यांना विचारा, प्रत्येक घरची रीत वेगळी असते आणि तीच खरी.

१७. टारो बबल टी घरी होतो का? ती जांभळी पावडर नको आहे.

होतो आणि टारो घरातच आहे, टारो म्हणजे अळूचा कंद, आपली अळकुडी किंवा अरवी. तैवानमध्ये मोठ्या जातीचे कंद वापरतात, तैचुंगजवळच्या दाजियाचे नावाजलेले आहेत, आपल्या अळकुड्या लहान आणि बुळबुळीत पण चवीला जवळ. कुकरमध्ये नीट मऊ शिजवा, कच्च्या राहिल्या तर घसा खाजतो. सोला, गरम असतानाच साखर आणि थोडं दूध घालून घोटा, ग्लासला दोन मोठे चमचे. रंग फिका राखाडी येईल, भडक जांभळा रंग पावडरीतल्या रंगाचा असतो. पण जो खमंग, शेंगदाण्यासारखा वास येतो तो पावडरीत नाही.

१८. पॉपिंग बोबा उकळला तर विरघळून गेला!

तो उकळायचाच नसतो. पॉपिंग बोबा वेगळी वस्तू, बाहेर समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटचं पातळ आवरण आणि आत फळांचा रस. डबा उघडायचा, गाळायचा, गार पेयात टाकायचा. दुधाच्या चहात तो मला आवडत नाही, आंबट रस दुधात फुटतो, कोऱ्या लिंबू चहात छान लागतो.

घरी सोपं काही हवं असेल तर चायना ग्रास. ५ ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात गुळासोबत पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, ताटात ओता, घट्ट झाला की छोटे चौकोन कापा. क्यूक्यू नाही, पण फ्रिजमध्ये दोन दिवस जसेच्या तसे राहतात आणि स्टार्च नाही.

१९. डायबिटीस आहे, बिनसाखरेचा केला तर?

साखर काढली तरी गोळे उरतात आणि गोळे म्हणजे शुद्ध स्टार्च, १०० ग्रॅम कोरड्या टॅपिओकात साधारण ३५० कॅलरी, प्रोटीन आणि फायबर जवळजवळ शून्य. त्यामुळे 'शुगर फ्री बबल टी' या शब्दावर विसंबू नका. गोळ्यांऐवजी चायना ग्रास, गूळ न घालता केलेला (गूळ पण शेवटी साखरच), चहा कडक, दूध बेताचं, आणि डॉक्टरांना विचारून. बाकीच्यांनी तैवानसारखं करावं, तिथे ऑर्डर देतानाच पूर्ण, अर्धी, थोडीशी की बिनसाखर हे विचारतात आणि मी कायम अर्धीच सांगायचे, चहाची चव तेव्हा कळते.

२०. वाढदिवसाला वीस मुलं येणार आहेत. आदल्या दिवशी काय काय करून ठेवू?

पाक आदल्या दिवशी. कोरा चहा सकाळी करून फ्रिजमध्ये, २० ग्लासांना ३ लिटर पाणी आणि १०० ग्रॅम पावडर, पण मुलांसाठी ४० ग्रॅम खूप झाली, अगदी लहान असतील तर प्रश्न १५ बघा. बर्फ विकत आणा, घरचा पुरत नाही. गोळे एका ग्लासला २५ ग्रॅम कोरडे धरा, म्हणजे अर्धा किलो, आणि ते आदल्या दिवशी किंवा सकाळी बिलकुल शिजवू नका. पाहुणे पाचला येणार असतील तर साडेतीनला दोन मोठी पातेली चढवा, प्रत्येकात अडीच लिटर पाणी आणि पाव किलो गोळे, पाच वाजेपर्यंत पाकात तयार. एकाच पातेल्यात अर्धा किलो कोंबले की तळाला लागतात.

ग्लासात आधी गोळे, मग बर्फ, मग हलवलेला चहा. पाच ग्लास झाले की पुढचे पाच, सगळे एकदम भरून ठेवू नका. गोळ्यांचा डबा गॅसजवळ, फ्रिजपासून लांब ठेवा, आणि कोणी एक जण फक्त तो डबा अधूनमधून हलवायला बसवा.